पागासाठी शिशाच्या गोळ्या: डाय-पंचाच्या कामाच्या नोंदी

९ नोव्हेंबर २०२५, रविवार

तात्यांचा पाग, म्हणजे हाताने फेकायचं गोल जाळं, आज पडवीत पसरून बघितला. त्रिज्या अडीच मीटर, म्हणजे खालची कड पावणेसोळा मीटरच्या आसपास. जाळं ठणठणीत आहे, दुखणं सगळं कडेला. गोळ्या काही मालवणच्या बाजारातल्या, काही चुलीवर ओतलेल्या, काही दुसऱ्या कुणाच्या फाटक्या पागातून काढून लावलेल्या. सोनाराच्या काट्यावर घातल्या तर सर्वांत हलकी ८.६ ग्रॅम आणि सर्वांत जड १७.२. एका बाजूला ओळीने जड, दुसऱ्या बाजूला ओळीने हलक्या. असा पाग गोल फेकला तरी जड बाजू आधी तळाला टेकते, आणि हलकी बाजू टेकेपर्यंत बोय माशाला खालून निसटायला पुरेसा वेळ मिळतो.

दुसरी भानगड भोकाची. साच्यात ओतलेल्या गोळीला भोकाच्या तोंडाशी पातळ पापुद्रा राहतो. तो कानशीने काढायला कुणाला वेळ नसतो. दोरी नेमकी तिथेच झिजते. तात्यांनी मला कड दाखवली आणि एवढंच म्हणाले, "ह्या शिसा दोरी कापता."

हिशेब असा. पागाचं एकूण शिसं साडेतीन किलोच्या आसपासच ठेवायचं, कारण तात्यांच्या खांद्याला ते वजन बसलेलं आहे. १२ ग्रॅमची गोळी धरली तर ३०० गोळ्या, ३.६ किलो, आणि कडेला दर सव्वापाच सेंटिमीटरला एक. शिशाची घनता ११.३४, म्हणून १२ ग्रॅमला १.०६ घन सेंटिमीटर जागा लागते. बाहेरून ८ मिमी, आतलं भोक ३ मिमी घेतलं की लांबी येते साडेचोवीस मिमी. लांबट, सडपातळ गोळी. ती खडकात कमी अडकते.

नुसत्या ओतायच्या नाहीत. थोडे जास्त वजनाचे कोर, म्हणजे कच्च्या गोळ्या, ओतायचे आणि ते थंड असतानाच डायमध्ये, म्हणजे पोलादी साच्यात, पंचाने दाबून मापाला आणायचे. ही युक्ती भाच्याच्या छर्ऱ्यांवरून सुचली. तो १० मीटर एअर रायफल मारतो. त्याचे ४.५ मिमीचे छर्रे असेच दाबून केलेले असतात, जेमतेम अर्ध्या ग्रॅमचे, आणि डबीवर डोक्याचं माप मिलिमीटरच्या शंभराव्या भागापर्यंत छापलेलं असतं. त्यांच्या टार्गेटवरचा दहाचा ठिपका अर्ध्या मिलिमीटरचा, तेव्हा ते माप काही मिरवायला छापत नाहीत.

बेत ऐकल्यावर त्याचा फोन आलाच. "मामा, मग माझे छर्रेपण तूच काढ." नाही म्हणून सांगितलं. माझा लेथ माझ्यापेक्षा वयाने मोठा आहे, शंभरावा भाग त्याला दिसतही नाही. मग गाडी रायफलच्या गोळीवर आली. परदेशात लोक गॅरेजमध्ये बसून टार्गेटच्या गोळ्या दाबतात म्हणे. दाबत असतील. आपल्याकडे दारूगोळा बनवायला परवाना लागतो, शस्त्र अधिनियम १९५९ चं कलम ५ त्याच्यासाठीच आहे. आपल्या गोळ्या खाडीत बुडायच्या, लांब उडायच्या नाहीत. विषय संपला.

१२ नोव्हेंबर

शिसं गोळा केलं. दाबकामाला मऊ शिसंच लागतं. त्यात अँटिमनी असली की धातू कडक होतो, डायमध्ये वाहत नाही आणि जॅकचा जीव काढतो.

भंगारवाल्याकडे जुन्या टेलिफोन केबलचं शिशाचं आवरण मिळालं. हे उत्तम. नखाने ओरखडा उठतो, हाताने वळतं. टायरवाल्याने चाकाच्या बॅलन्सिंगचे तुकडे डबाभर दिले, पण त्यात भेसळ फार. काही लोखंडाचे, काही जस्ताचे, आणि जे शिशाचे त्यातही अँटिमनी. संडास साफ करायच्या ॲसिडचा थेंब टाकला की जस्त फसफसतं, शिसं गप्प बसतं. तरी ते तुकडे मी बाजूलाच ठेवले.

एका बंद पडलेल्या छापखान्याचे अक्षरांचे खिळेही त्याच्याकडे पोत्यात पडले होते. एक मूठ हातात घेऊन बघितली. 'क्ष' आणि 'ज्ञ' अजून धारदार, जसे काल पाडलेले. खिळ्यांच्या धातूत शिशाबरोबर कथील आणि भरपूर अँटिमनी असते, हजारो कागदांवर दाबूनही अक्षर बोथट होऊ नये म्हणून. मऊ शिशाला साधी काळी पेन्सिलही ओरखडा काढते, या खिळ्यांवर एचबी नुसती घसरली. आपल्या कामाला शून्य उपयोगाचे. आणि उपयोगाचे असते तरी वितळवायला हात धजला नसता.

ट्रकच्या बॅटऱ्या फोडून आतलं शिसं काढायचा सल्ला दोघांनी दिला. बॅटरीला हात लावणार नाही. आत गंधकाम्ल, आणि प्लेटांवर जी भुकटी असते ती घरभर होते. २०२२ च्या नियमांनुसार जुनी बॅटरी नोंदणी असलेल्या रिसायकलरकडेच जायला हवी. नियम नसता तरी अंगणात हा उद्योग केला नसता, विहीर दहा पावलांवर आहे.

तात्यांच्या जुन्या गोळ्याही वितळवायच्या आहेत. त्या वेगळ्या डब्यात.

१५ नोव्हेंबर

डाय. ईएन ३१ पोलादाचा ४० मिमी गोल तुकडा पडून होता. मधोमध ७.८ ने ड्रिल, मग ८ मिमीचा रीमर, सावकाश, तेल सोडत. लेथवर एवढंच काम. खरी मेहनत पुढे, बोअर, म्हणजे ते आरपार भोक, आतून आरशासारखा करायची. पितळेच्या दांडीला लॅपिंग पेस्ट लावून आत-बाहेर, आत-बाहेर, मग दांडी पुसून आणखी बारीक पेस्ट. बल्बकडे धरून आरपार बघितलं की कड्या दिसतात. एखादी कडी तुटक दिसली तर तिथे ओरखडा आहे. शिसं मऊ असतं म्हणून डाय कशीही चालेल असं वाटतं, पण मऊ आहे म्हणूनच ते केसाएवढ्या ओरखड्यातही शिरतं आणि गोळी बाहेर यायला नकार देते.

बोअरच्या भिंतीत, मधल्या उंचीवर, १२० अंशांवर दीड मिमीची तीन आरपार भोकं. सगळी गंमत या तीन भोकांत आहे. कोर थोडा जास्त वजनाचा टाकायचा. पंच ठरलेल्या जागी येऊन थांबला की आत जेवढी जागा तेवढंच शिसं राहतं, बाकीचं भोकांतून बाहेर. कोर १२.४ चा असो की १२.८ चा, गोळी १२ चीच.

खालच्या बुडाला ३ मिमीची सळई उभी केली, तुटलेल्या ड्रिलच्या दांडीची, टोकाला निमुळती. वरचा पंच पोकळ, सळई त्यात शिरते. बुडाला आणि पंचाच्या तोंडाला किंचित उतार दिला, म्हणजे गोळीच्या भोकाची दोन्ही तोंडं आपोआप गोल पडतील. कानस लावायची गरजच नाही.

१६ नोव्हेंबर

प्रेस जोडला. सी-चॅनेलची चौकट, खाली दोन टनी बॉटल जॅक, परत ओढायला दोन स्प्रिंगा. वरच्या पंचावर कॉलर घालून थांबा पक्का केला.

दोन टन पुरतील का, असं विचारणाऱ्यांसाठी: ८ मिमीच्या बोअरचं क्षेत्रफळ पन्नास चौरस मिमी. एक टन दिला तरी प्रत्येक चौरस मिमीवर वीस किलो येतात. मऊ शिशाला तेवढं भरपूर. खिळ्यांना पुरलं नसतं.

२२ नोव्हेंबर

कोर ओतले. सकाळी आठला सुरुवात, वारा दर्याकडून सुटायच्या आधी. मतलई वारा जमिनीकडून येत असतो तोवर धूर खाडीकडे जातो, दुपारी उलटला की सगळा घरात. जागा मागच्या अंगणाच्या कडेला, विहिरीपासून आणि परसातल्या अळवापासून लांब. बिडाची कढई यासाठी वेगळी काढली आहे, तिच्या कानाला लाल रंग फासला, म्हणजे चुकून कुणी मासे तळायला घेणार नाही. गॅसची शेगडी घेतली. करवंट्यांची आच छान लागते पण ताब्यात राहत नाही.

शिसं ३२७ अंशांना वितळतं. मी कढई ३७० ते ४०० मध्ये ठेवतो, तापमान मोजायचं थर्मोकपल आत सोडून. त्याच्या वर नेण्यात काही फायदा नाही. जास्त तापवलं की वाफा वाढतात आणि वरचा मळही. शिवाय ४०० च्या आत राहिलं तर चुकून आलेलं जस्त वितळत नाही, ते ४१९ पर्यंत टिकतं आणि हलकं असल्यामुळे वर तरंगतं. पळीने उचलून टाकायचं.

आता तात्यांच्या जुन्या गोळ्या. यांच्याबद्दल सविस्तर लिहून ठेवतो, कारण आपल्या किनाऱ्यावर जो कोणी हे करेल त्याच्याकडे कच्चा माल हाच असणार. वर्षानुवर्षं खाऱ्या पाण्यात राहिलेल्या गोळीवर पांढरट थर असतो, भोकात रेती आणि मीठ ठासलेलं असतं, आणि मीठ हवेतलं पाणी ओढतं. बाहेरून गोळी कोरडी लागते, आत ओल असते. ती वितळलेल्या शिशात टाकली तर पाण्याची वाफ होते, आकार सतराशे पटींच्या आसपास वाढतो, आणि कढईतलं शिसं माणसाच्या तोंडावर येतं. म्हणून या गोळ्या आधी गोड्या पाण्यात धुऊन दोन-तीन दिवस उन्हात टाकल्या. नंतर थंड कढईत सगळ्यात आधी त्याच, आणि मग आच. वितळलेल्या शिशात नंतर काहीही टाकायचं नाही. शेवटपर्यंत हा एकच नियम पाळला तरी अर्धे धोके टळतात. बाकी अर्ध्यांसाठी चामड्याचे हातमोजे, चेहऱ्यावर ढाल, पायात बूट. चप्पल घालून शिसं ओतणारे मी बघितलेत, त्यांच्या पायांवरचे डागही बघितलेत.

मेणाचा लहान तुकडा टाकून ढवळलं. मेण पेटतं, धूर होतो, पण मळ सुटून वर येतो आणि खाली शिसं लखलखीत दिसतं. मळ झाकणाच्या डब्यात. तो विषारीच असतो, उकिरड्यावर जाणार नाही, भंगारवाल्याकडे शिशाबरोबर जाईल.

साचा ॲल्युमिनियमच्या दोन पट्ट्यांचा. आतून दिव्याची काजळी धरली. साचा थंड असताना कोरांवर सुरकुत्या पडतात, फार तापला की अंग भुरकट, तुषार मारल्यासारखं दिसतं. दोन्हींच्या मधे चकचकीत माल येतो. शिसं गोठताना आकसतं, म्हणून प्रत्येक कोराच्या माथ्यावर खळगा. नुसत्या ओतकामात वजन फिरतं ते या खळग्यामुळेच. आपल्या पद्धतीत त्याची फिकीर नाही, कोर साडेबाराच्या अलीकडे-पलीकडे आला की झालं.

दुपारी वारा फिरला तेव्हा बंद केलं. हात, मनगटं, नखं साबणाने. कपडे वेगळ्या बादलीत. हिने चहा अंगणात आणला होता, तो धुतलेल्या हातांनी पडवीत बसूनच घेतला.

२३ नोव्हेंबर

आज दाबले.

लॅनोलिन आणि एरंडेल तेल एकत्र कोमट करून मलम केलं. बोटाला लागेल न लागेल एवढं घ्यायचं आणि कोर त्यावर घोळवायचा. जास्त झालं तर काय होतं तेही दिसलं. तेल दबत नाही, शिसं दबतं. तेल जिथे कोंडलं तिथे गोळीच्या अंगावर खळी उरते.

कोर सळईच्या टोकावर उभा ठेवायचा, वर पंच, आणि जॅकचा दांडा. पहिले काही झटके हलके जातात, सळई शिशात शिरत असते. मग दांडा एकदम जड होतो, आता शिसं बोअरभर पसरलं. आणखी दाबलं की पुन्हा सैल लागतो, आणि त्याच क्षणी डायच्या तिन्ही भोकांतून सोऱ्यातून शिरवाळे पडावेत तशा शिशाच्या बारीक तारा बाहेर येतात, चमकत्या, आपल्याच वजनाने वाकणाऱ्या. कॉलर टेकली की दांडा दगड होतो. थांबायचं. डाय उलटी करून गोळी ढकलली की त्या तारा भिंतीशी कापल्या जातात आणि गोळीच्या अंगावर तीन फिके ठिपके तेवढे राहतात.

पहिल्या घाण्याचं वजन: ११.९७ ते १२.०४. कोर होते १२.३ ते १२.९. काट्यावर गोळीमागून गोळी ठेवत बसलो, गरज नसताना.

दुपारनंतर गोळ्या अडकायला लागल्या. डाय उघडली, बोअरमध्ये उभा ओरखडा. कोर तपासले तर एकाच्या बुडाशी पुळणीतला रेतीचा कण रुतलेला होता. शिशापेक्षा रेती कितीतरी हलकी, ती वर तरंगून मळाबरोबर निघायला हवी. पण कढईच्या काठाला चिकटलेली शेवटच्या पळीत आली असणार. परत लॅपिंग. आता प्रत्येक कोर फडक्याने पुसून मगच डायमध्ये, आणि कढईच्या तळाशी दोन बोटं शिसं तसंच सोडायचं.

कापलेल्या तारा डब्यात साठवतोय. त्या तेलकट आहेत, पुढच्या वेळी चिंधीने पुसून थंड कढईतच जातील.

२९ नोव्हेंबर

गोळ्या साबणाच्या पाण्यात धुऊन तात्यांकडे नेल्या. कड नवीन दोरीवर भरायला घेतली. पाच-पाच गोळ्यांनी गाठ, म्हणजे एक तुटली तरी सगळी माळ रिकामी होणार नाही.

इथे एक गोष्ट काढली जी मला पहिल्या दिवसापासून टोचत होती. पाग फेकताना तात्या कडेचा एक भाग दातात धरतात. सगळेच धरतात. हात दोन आणि धरायच्या जागा तीन. पण म्हणजे शिसं दिवसभर तोंडात. कातडीतून ते फारसं शिरत नाही, पोटातून शिरतं. लहान मुलांना तर रक्तातली थोडीही पातळी चालत नाही, आणि तात्यांचा नातू पाग शिकतोय, आठ वर्षांचा.

तात्यांनी हसून उडवलं. "चाळीस वर्सां धरतंय दातात. काय झाला माका?"

वाद घातला नाही. चाळीस वर्षांवर माझ्याकडे उत्तर नाही. कडेच्या एका वितीत शिशाऐवजी स्टेनलेसचे नट ओवले. लोखंड शिशापेक्षा हलकं, म्हणून तेवढ्या भागात नट जरा दाट बसवले आणि वजन जुळवलं. जागा कळावी म्हणून तिथे लाल दोरा गुंडाळला. दातात धरायचं तर हे धरा. नातवाला मात्र बजावून सांगितलं, त्याच्या आईसमोर.

तुटून खाडीत पडणाऱ्या शिशाचाही प्रश्न आहेच. इंग्लंडमध्ये गळाची लहान शिसं १९८७ पासून बंद झाली, राजहंस ती खडे समजून गिळायचे आणि मरायचे. आपल्या खाडीत राजहंस नाहीत, पण चिखलात चोच घालणारे तुतवार थंडीत ढिगाने येतात. पागाला शिशाला पर्याय मला अजून सापडलेला नाही. लोखंडाने तेवढंच वजन करायला गोळी दीडपट मोठी होते आणि ती गंजते. सध्या गाठी घट्ट ठेवणं एवढंच हातात आहे.

३० नोव्हेंबर, रविवार

भांगाचं पाणी, संथ. कर्लीच्या खाडीत देवबागच्या अंगाला गेलो. फेकण्यात फरक मला तरी दिसला नाही. पाग जितका गोल आधी पडायचा तितकाच पडला. तात्या म्हणाले, "पाग मनगटान पडता, शिशान नाय." बरोबरच आहे. पण पडल्यानंतरचं बघा म्हटलं. कंबरभर स्वच्छ पाण्यात मी बाजूला उभा राहून तळ बघत होतो. कड सगळीकडून एकदम टेकली आणि रेतीतून धुळीचं एक पूर्ण वर्तुळ उठलं. जुन्या पागात ते अर्धंच उठायचं.

बोय आणि थोडी मुडदुशी. एका दिवसाच्या मासळीवरून काही ठरवत नाही.

६ डिसेंबर

पौर्णिमेनंतरचं उधाण, सुकतीला, म्हणजे ओहोटीला, पाणी जोरात. इथे नवीन गोळीचा दोष कळला. सडपातळ गोळी तळाला घट्ट धरत नाही, ओढीच्या पाण्यात कड सरकते. जुन्या ओबडधोबड गोळ्या रेतीत रुतून बसायच्या. तात्यांचं म्हणणं उधाणाच्या पाण्यात पाग टाकायचाच कशाला, आणि ते खरंही आहे, पण दोष तो दोष. कडेला आणखी अर्धा किलो घातलं तर खांदा बोलेल. तूर्त गोळ्या तेवढ्याच ठेवल्यात.

दोरी तपासली. भोकाच्या तोंडाशी एकही केस उठलेला नाही. याचा खरा निकाल पावसाळ्यापर्यंत लागेल.

१३ डिसेंबर

वेशीवरच्या एकाने पाग बघितला आणि गरीसाठी ४० ग्रॅमची शिसं मागितली, तांबोशीला खडकात सोडायला. त्याला १४ मिमीची डाय लागेल. बोअर १४ झाला की क्षेत्रफळ तिपटीच्या वर जातं, दोन टनी जॅक धापा टाकेल. पाच टनीची किंमत विचारून ठेवली आहे. तारेची कडी गोळीत आधी ठेवून दाबायची की नंतर भोकातून ओवायची ते ठरायचंय. माझा कल ओवण्याकडे, कारण दाबताना तार वाकडी झाली तर डाय खराब होईल.

८ मिमीची डाय ग्रीस लावून प्लास्टिकमध्ये गुंडाळली. इथल्या हवेत उघडं पोलाद दोन रात्रींत तांबूस होतं.

तात्या लाल दोऱ्याची जागा वापरतात. कारण विचारलं तर म्हणाले, पाग कुठून उचलायचा ते काळोखात लगेच सापडतं.